आकाशात उरलेले शिसे

झाशीहून ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, किंबहुना देशातील कोणत्याही रस्त्यावर, आपण पेट्रोलच्या पंपापाशी उभे राहिलो, तर त्या पेट्रोलात शिसे आहे काय, असा प्रश्न आज कोणाच्या मनात येत नाही. तो येण्याचे कारणही उरलेले नाही. १९९४ साली चार महानगरांत पेट्रोलमधील शिशाचे प्रमाण उतरविण्यास आरंभ झाला. १९९५ च्या एप्रिलपासून त्याच शहरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते सबंध देशात लागू झाले. पुढे २०२१ साली अल्जीरिया या शेवटच्या देशानेही मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकण्याचे थांबविले. एका विषाची गोष्ट अशा रीतीने संपली, असे आपण समजून चाललो आहोत.

ती पुरती संपलेली नाही. रस्त्यावरून हद्दपार झालेले शिसे आकाशात मात्र टिकून आहे. येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. आपण तिकीट काढून ज्या मोठ्या विमानांतून प्रवास करतो, त्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही. ती विमाने रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात व त्यात शिसे नसते. प्रश्न आहे तो लहान, पंख्याच्या, मोटारीसारखेच दट्ट्यांचे इंजिन असलेल्या विमानांचा. मोठे विमान चालविणारा प्रत्येक वैमानिक आपले पहिले धडे बहुधा अशाच विमानात गिरवितो. महाराष्ट्रात बारामती, धुळे किंवा गोंदियाजवळचे बिरसी येथे दिवसभर ज्यांची घरघर ऐकू येते, ती ही विमाने. त्यांच्या टाकीत जे निळ्या रंगाचे पेट्रोल भरले जाते, त्याला ‘एव्हगॅस १०० एलएल’ म्हणतात. त्यांतील ‘एलएल’ या अक्षरांचा अर्थ ‘अल्प शिशाचे’ असा आहे.

हे शिसे पेट्रोलात मुळात घातले तरी कशासाठी? दट्ट्याच्या इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण प्रथम दाबले जाते आणि मग ठिणगीने पेटविले जाते. ज्वाला ठिणगीपासून सर्वत्र क्रमाने पसरावी, अशी अपेक्षा असते. परंतु दाब व उष्णता मर्यादेबाहेर गेली, म्हणजे मिश्रणाचा उरलेला भाग ज्वालेची वाट न पाहता आपणहून एकदम भडकतो. मोटारीत अशा वेळी ठकठक असा आवाज येतो. विमानाचे सिलिंडर आकाराने मोठे व हवेने थंड होणारे असतात, आणि उड्डाण करताना इंजिन बराच काळ पूर्ण शक्तीने चालवावे लागते. तेथे हा प्रकार नुसत्या आवाजावर थांबत नाही; काही मिनिटांत दट्ट्याला भोक पडू शकते. हे अवेळी भडकणे रोखण्याची पेट्रोलची जी शक्ती, तिचे माप म्हणजे ऑक्टेन.

१९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजली याच्या प्रयोगशाळेत असे आढळून आले की, टेट्रा-एथिल लेड नावाचे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले तरी हा दोष नाहीसा होतो. द्रव्य स्वस्त, प्रमाण अल्प आणि गुण मोठा! शिसे विषारी आहे हे त्या वेळी अज्ञात होते, असे मात्र नव्हे. १९२४ साली न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनविणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मृत्यू पावले होते. तरीही उपयोगाची बाजू जड ठरली. पुढील अर्धशतकात विमानांची इंजिने याच पेट्रोलावर भरवसा ठेवून रचली गेली. शिसे इंधनात आले ते साहाय्यक म्हणून. हळूहळू ते इंजिनाच्या रचनेचा एक गृहीत भाग होऊन बसले. आज ते काढणे कठीण का जाते, याचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

‘अल्प शिशाचे’ हे नाव ऐकून श्रोत्यांना थोडे हायसे वाटेल. पण अल्प कशाच्या तुलनेने? यापूर्वी प्रचारात असलेल्या विमानाच्या पेट्रोलात याच्या दुप्पट शिसे असे, म्हणून हे अल्प! या निळ्या पेट्रोलात दर लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. शिसेविरहित होण्यापूर्वी आपल्या मोटारींसाठी जे कमी शिशाचे पेट्रोल निघाले होते, त्याची मर्यादा होती ०.१५ ग्रॅम. म्हणजे रस्त्यावर ज्याला आपण नको म्हटले, त्याच्या जवळजवळ चौपट प्रमाण आकाशात चालू आहे.

हा हिशेब थोडा पुढे नेऊन पाहू. सेस्ना १७२ हे शिकाऊ वैमानिकांचे सुपरिचित विमान ताशी तीस ते पस्तीस लिटर पेट्रोल घेते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान २०० तासांचे उड्डाण लागते. बत्तीस लिटर धरले तर ६,४०० लिटर पेट्रोल झाले, आणि त्यातील शिशाची कमाल मर्यादा धरली तर सुमारे साडेतीन किलो शिसे. यांपैकी काही भाग इंजिनाच्या तेलात व ठिणगीच्या प्लगांवर साचून राहतो. बाकीचा धुराबरोबर बाहेर पडतो. एका वैमानिकाच्या शिक्षणामागे साडेतीन किलो! आणि हे शिसे देशभर सारखे पसरत नाही. शिकाऊ विमान पुनःपुन्हा त्याच धावपट्टीवरून उठते, त्याच शेतांवरून व वस्त्यांवरून वळसा घेते आणि त्याच पट्टीवर उतरते. उड्डाणापूर्वी इंजिनाची चाचणी होते, तीही त्याच ठरलेल्या जागी उभे राहून. परिणामी, जो काही भार पडतो तो थोड्या जागेवर व थोड्या माणसांवर पडतो.

शिशाचा मनुष्याच्या शरीराला काहीही उपयोग नाही. मुलांचे शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते. वाढत्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो, तो बहुतांशी परत न फिरणारा असतो. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, अशी रेषा जागतिक आरोग्य संघटनेला काढता आलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालकनिधीने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे.

हा आकडा सांगितल्यावर प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या कोट्यवधी मुलांना बाधा झाली ती विमानांमुळे नव्हे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणाऱ्या उघड्या भट्ट्या, भेसळीची हळद, काही रंग, काही भांडी ही तिची मोठी कारणे आहेत. अमेरिकेत लहान विमाने संख्येने फार. तेथे हवेत मिसळणाऱ्या शिशापैकी सुमारे सत्तर टक्के शिसे याच इंधनातून येते. आपल्याकडे ते प्रमाण तसे असणार नाही. मग एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, बॅटरीची चोरटी भट्टी शोधून काढावी लागते. हळदीतील भेसळ पकडावी लागते. येथे मात्र शिसे कोठे तयार होते, कोणत्या टाकीत जाते आणि कोणत्या पट्टीवरून उडते, हे सारे शासनाच्या नोंदीत आहे. जे विष आपण परवाना देऊन वापरतो, त्याची जबाबदारी अज्ञानावर ढकलता येत नाही.

आता या वादाच्या मुख्य भागाकडे वळू. २०२२ चा सप्टेंबर महिना या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. त्या महिन्यात आपल्या इंडियन ऑइलने वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले एव्हगॅस १०० एलएल प्रथमच देशापुढे ठेवले. तोवर हे इंधन आपण परदेशांतून आणीत होतो. पुढे २०२३ च्या जानेवारीत मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून त्याची पहिली खेप पापुआ न्यू गिनी या देशाकडे रवानाही झाली. स्वावलंबनाच्या दृष्टीने ही गोष्ट अभिमानाची होती. परंतु त्याच सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने शंभर ऑक्टेनचे शिसेविरहित इंधन ठिणगीवर चालणाऱ्या सर्व विमान-इंजिनांत वापरण्यास मान्यता दिली होती. जी वस्तू बनविण्यात आपण यशस्वी झालो, ती वस्तू सोडून देण्याची वाट त्याच महिन्यात दुसरीकडे मोकळी झाली!

वाट मोकळी झाली, तरी लोक तिच्यावरून धावत सुटले नाहीत. आणि त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मोटारीचे इंजिन बंद पडले तर आपण ती कडेला लावतो. आकाशाला कडा नसते. म्हणून ‘आहे ते ठीक चालले आहे’ या वाक्याला विमानविद्येत जेवढे वजन आहे, तेवढे अन्यत्र नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपल्या शिकाऊ विमानांसाठी ९४ ऑक्टेनचे शिसेविरहित पेट्रोल स्वीकारले. काही महिन्यांतच धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या बैठका झिजून खोल जात असल्याचे त्यांच्या यांत्रिकांना दिसून आले, आणि ऑक्टोबरात विद्यापीठ पुन्हा निळ्या पेट्रोलाकडे वळले. शिसे जळाल्यावर झडपांच्या बैठकींवर जो पातळ लेप बसतो, तो त्यांना वंगणासारखा उपयोगी पडतो, ही गोष्ट यांत्रिकांना जुनीच ठाऊक होती. नव्या इंधनाची घडण निराळी असल्यामुळेही झीज वाढते, असे इंजिने बनविणाऱ्यांनी पुढे सांगितले. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल येथे शंभर ऑक्टेनच्या नव्या इंधनाची विक्री सुरू झाली. पण ते पंखांवरील रंगाला व टाक्यांचे सांधे बुजविणाऱ्या द्रव्याला अपाय करते, अशा तक्रारी आल्यावर ती थांबविण्यात आली. इंधन काढणाऱ्यांना या तक्रारी मान्य नाहीत.

दुसरी अडचण पुरवठ्याची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते. बैलगाडी गेली, तरी तिच्यातील तत्त्व कायम आहे: विमान तेथेच उतरते, जेथे त्याचे इंधन मिळते. लहान धावपट्टीवर एकच टाकी व एकच पंप असतो. दोन जातींची इंधने ठेवायची म्हणजे खर्च दुप्पट, आणि चुकीचे इंधन भरले जाण्याचा धोकाही आला. म्हणूनच सर्व इंजिनांना चालेल असे एकच इंधन सर्वांना हवे असते. आणि नेमके तेच बनविणे सर्वांत अवघड आहे. पुष्कळ शिकाऊ विमानांना शंभर ऑक्टेनची गरज नसते. ती असते अधिक शक्तिमान इंजिनांना. ती विमाने संख्येने थोडी, परंतु अमेरिकेतील अनुभवाप्रमाणे बहुतांश पेट्रोल तीच पितात.

मग मोटारीचे शिसेविरहित पेट्रोलच लहान विमानांत का भरू नये, असे सहज मनात येईल. युरोपात काही इंजिने तसे पेट्रोल घेतात. बंगळूरच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने बनविलेले ‘हंसा’ या शिकाऊ विमानाचे नवे रूप २०२१ साली प्रथम उडाले. त्याचे रोटॅक्स इंजिनही बिनशिशाच्या पेट्रोलावर चालणाऱ्या जातीचे आहे. परंतु आपल्याकडे येथे एक निराळीच अडचण उभी राहते. २०२५ पर्यंत आपल्या मोटारीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते, रबराच्या भागांना पोचवते, आणि उंचावरच्या थंडीत पाणी इंधनापासून वेगळे होण्याची भीती असते. विमानांच्या इंजिनांना ते फारसे चालत नाही. ज्यांना चालते, त्यांनाही इतक्या प्रमाणात चालत नाही. बारामतीच्या धावपट्टीवर उभे राहिले की हा पेच डोळ्यांपुढे मूर्तिमंत दिसतो. ज्या परिसरातील उसापासून मोटारीच्या पेट्रोलात मिसळावयाचे इथेनॉल निघते, त्याच परिसरावरून विमान मात्र शिशाचे पेट्रोल जाळीत फिरते.

ही झाली वैमानिकांची व यांत्रिकांची बाजू. तिच्यासमोर दुसरी बाजू उभी आहे ती धावपट्टीच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्यांची. कॅलिफोर्नियात सॅन होझे शहरातील रीड-हिलव्ह्यू या लहान विमानतळाभोवती दाट वस्ती आहे. तेथील मुलांच्या रक्ताची २०२१ साली जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्तात शिसे अधिक आढळले. १ जानेवारी २०२२ पासून त्या परगण्याने आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोल विकणे बंद केले. अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण संस्थेने २०२३ च्या ऑक्टोबरात हे शिसे लोकांच्या आरोग्यास घातक असल्याचा अधिकृत निर्णय दिला. पुढच्या वर्षी तेथे जो कायदा झाला, त्याचे शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. मान्य पर्यायी इंधन उपलब्ध होईपर्यंत विमानतळांनी जुने इंधन अचानक बंद करू नये, असे तो सांगतो. पण ही सवलत बहुतेक ठिकाणी २०३० च्या अखेरपर्यंतच आहे. वैमानिकाला अभय आहे, परंतु त्या अभयाला मुदत आहे. युरोपीय संघातही १ मे २०२५ पासून टेट्रा-एथिल लेड विशेष परवानगीवाचून वापरता येत नाही. शिवाय जगातील बहुतेक विमानांना लागणारे हे द्रव्य इंग्लंडमधील एल्स्मीअर पोर्ट येथील एकाच कारखान्यातून येते. वडोदऱ्याचे पेट्रोल स्वदेशी झाले खरे, पण ज्या द्रव्यावर या साऱ्या इंधनाचे भवितव्य लटकलेले आहे, त्याचा धागा असा एका दूरच्या कारखान्याशी बांधलेला आहे.

वाट बिकट असली तरी बंद नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथे वैमानिकांची नवी शाळा उभारताना एअर इंडियाने चौतीस विमाने निवडली, एकतीस पायपर कंपनीची व तीन डायमंड कंपनीची. त्यांची इंजिने डिझेलच्या जातीची असून ती मोठ्या विमानांच्याच जेट इंधनावर चालतात. ते इंधन प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळते आणि त्यात शिसे नसते. या निवडीमागे खर्चाचा विचार असेल, सोयीचा असेल. हेतू कोणताही असो, त्या धावपट्टीभोवतीच्या मुलांच्या वाट्याला हे साडेतीन किलोंचे ओझे येणार नाही. नवी शाळा नवे इंजिन निवडू शकते. प्रश्न उरतो तो जुन्या शाळांचा. त्यांची सेस्ना विमाने नीट निगा राखली तर आणखी वीस-तीस वर्षे उडतील, आणि सर्व विमाने बदलण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नाही.

अशा प्रसंगी काय करावे? शासकीय कामकाजाचा ज्यांना परिचय आहे, त्यांना एक अनुभव नेहमीचा असतो. ज्या प्रस्तावाला कोणी विरोध करते, त्याचा कधी ना कधी निकाल लागतो. ज्याला कोणाचाच विरोध नसतो, तो मात्र ‘विचाराधीन’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे पडून राहतो. शिसे चांगले आहे, असे कोणताही वैमानिक म्हणत नाही. शिकाऊ विमाने बंद करा, असे कोणताही डॉक्टर म्हणत नाही. तत्त्वत: सर्वांचे एकमत आहे, आणि म्हणूनच विलंब आहे.

या विलंबातून बाहेर पडण्याची रीत आपल्याला परकी नाही. मोटारीच्या पेट्रोलातील शिसे आपण एका दिवसात काढले नव्हते. आधी प्रमाण उतरविले, मग चार शहरे, मग इतर मोठी शहरे, आणि सहा वर्षांनी सारा देश. परंतु प्रत्येक पायरीला तारीख होती. तसेच येथेही व्हावे. प्रथम, ज्या गावांवरून ही विमाने घिरट्या घालतात, तेथील मुलांच्या आणि विमानतळावर पेट्रोल हाताळणाऱ्या कामगारांच्या रक्ताची तपासणी व्हावी. रक्तातील शिसे मोजणे ही काही दुष्कर गोष्ट नाही. दुसरे, इंजिनाच्या चाचणीची जागा वस्तीपासून व शाळेपासून दूर असावी. तिसरे, उड्डाणापूर्वी टाकीतले थोडे पेट्रोल काढून त्यात पाणी आहे की काय ते पाहतात, आणि पुष्कळदा ते तसेच जमिनीवर फेकून देतात. ही सवय पहिल्याच दिवशी मोडावी. याला नवे संशोधन लागत नाही. एक डबा लागतो. चौथे, कमी ऑक्टेनवर निर्धोकपणे चालणाऱ्या इंजिनांसाठी इथेनॉलविरहित व शिसेविरहित पेट्रोल आपल्याच शुद्धीकरण कारखान्यांनी बनवावे, आणि नॉर्थ डकोटातील झडपांचा अनुभव ध्यानात ठेवून त्याची येथील उन्हाळ्यात कसोटी घ्यावी. ज्या कारखान्याने निळे पेट्रोल साध्य केले, त्याला हे असाध्य नाही. आणि पाचवे, शेवटची तारीख ठरवावी. ती दूरची असली तरी चालेल, पण ती असावी.

या वादात वैमानिकाची सुरक्षितता एका पारड्यात आणि मुलांचे आरोग्य दुसऱ्या पारड्यात घालण्याची प्रथा पडली आहे. मला ही विभागणी मान्य नाही. दोन्ही सुरक्षितताच आहेत. त्यांत भेद एवढाच की, इंजिन बंद पडले तर ते त्याच क्षणी सर्वांना कळते व त्याची चौकशी होते. मुलाची बुद्धी थोडी मंदावली तर ते कोणालाही कळत नाही, आणि त्या अपघाताची चौकशी करणारे कोणतेही मंडळ नाही. जे नुकसान दिसत नाही, त्याचा हिशेब कोणीतरी मुद्दाम मांडावा लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी रस्त्यांच्या बाबतीत तो आपण मांडला, आणि आज झाशीच्या पंपावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याची आठवणही उरलेली नाही. चांगल्या सुधारणेचे लक्षण हेच आहे. धावपट्टीच्या कुंपणाशी उभे राहून विमानाकडे टक लावून पाहणाऱ्या मुलालाही या गोष्टीचा विचार करण्याची पाळी येऊ नये.